अकरा अर्ज आणि वरच्या मजल्याचं पाणी

प्रिय इंदूताई,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. लगेच हुरळून जाऊ नका.

गेल्या बावीस वर्षांत तुमच्याबद्दल मी सोसायटीला अकरा अर्ज दिले. तुम्हाला स्वतःला मात्र एक ओळ कधी लिहिली नाही. गरज काय होती? तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी बरोबर तुमच्या खाली दुसऱ्यावर. ग्रिलमधून मान बाहेर काढून ओरडलं की भागत होतं. आता तुम्हाला जाऊन पाच महिने होतील. उद्या सकाळी मला सोसायटीला बारावा अर्ज द्यायचाय, तोही तुमच्याच पायी! कागद घेऊन बसले, 'माननीय सेक्रेटरी' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. म्हटलं, आधी जिने हा उपद्व्याप मागे ठेवलाय तिचा समाचार घेऊ, मग त्या माननीयाचं बघू.

तर पहिली गोष्ट. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं बोलावं असंही कुणी म्हटलेलं नाही. इंदूताई, तुम्हाला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

राग आला ना? येऊ दे. "आमी पालघर-माहीमचे वाडीवाले," असं किती वेळा ऐकवलंत मला! विहिरीवर पंप, पंपातून पाट, पाटाचं पाणी केळींना, तिथून पानवेलींना. सकाळी पाट सोडायचा, संध्याकाळी पाट सोडायचा. पाणी जमिनीतून फुकट वर येतंय म्हटल्यावर अक्कल चालवायची वेळच कशाला येते? झाड दिसलं की घाल पाणी! मग ते केळ असो नाहीतर निवडुंग.

आणि ही वाडी तुम्ही आणलीत कुठे, तर बोईसरच्या बिल्डिंगीत. जिथे एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं आणि त्यातली पहिली पाच मिनिटं नळ नुसता खोकतो. तीन फूट रुंद, आठ फूट लांब गॅलरी. तिला बॉक्स ग्रिल, ग्रिलच्या वरच्या गजांना नऊ हूक आणि नऊ हुकांना नऊ टांगत्या कुंड्या. पिंप भरायच्या आधी तुमची बादली कुंड्यांकडे चाललेली मी पाहिलीय. प्यायला नसेल तरी चालेल, पण फर्नला पाहिजे!

माझं माहेर सफाळ्याच्या मागच्या डोंगरातलं. तुम्हाला ते कधी गाव वाटलंच नाही. "तितं काय पिकतं गं, दगडं?" असं विचारलं होतंत, आठवतंय? नाचणी पिकते, वरई पिकते, पावसावर पिकते आणि दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडतात. उन्हाळ्यात आई ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरायची. तिथे कुणी शोभेच्या झाडाला पाणी घातलं असतं तर लोकांनी त्याला भूत उतरवायला भगताकडे नेलं असतं. म्हणून तुमच्या गॅलरीतून थेंब गळायला लागले की माझ्या अंगाची लाही व्हायची. चादर भिजायची, हे खरं. पण चादर वाळते हो! खरा संताप त्या पाण्याचा यायचा.

बरं, त्या कुंड्यांत तुम्ही लावलं होतंत काय? चार फर्न, दोन कडीपत्ते. दोन पेटुनिया, ज्या दर वर्षी नव्या आणायच्या, कारण जुन्या दर वर्षी मरायच्या. एक गुलाब! टांगत्या कुंडीत गुलाब मी तरी दुसरीकडे कुठे बघितला नाही. आणि माती? एडवणच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात तेव्हा पिशवी भरून वाळू आणलीत. "निचरा व्हतो," म्हणालात. निचरा कसला, खारट वाळू ती! गुलाबाची पानं कडेने जळायला लागली आणि तुम्ही काय निदान केलंत? पाणी कमी पडतंय! कप्पाळ माझं. मीठ चारलं म्हणून तहान लागली आणि तहान लागली म्हणून आणखी पाजलं. शेवटी गुलाब कुजून मेला. तेव्हाही तुम्ही मलाच म्हणालात, "तुजी नजर लागली."

पाचव्या अर्जानंतरही काही झालं नाही, तेव्हा मी आमच्या ग्रिलवर पत्रा ठोकून घेतला. मग थेंब चादरीवर पडायचा बंद झाला आणि पत्र्यावर वाजायला लागला. टप, टप, टप. म्हणजे सहावा अर्ज! आमच्या ह्यांचं अक्षर चांगलं म्हणून सगळे अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. ते म्हणायचे, "अगं, एवढ्यात माझी कादंबरी झाली असती." आणि तुम्ही? प्रत्येक अर्जाला तुमचं उत्तर ठरलेलं. ग्रिलमधून डोकं बाहेर काढून हसत म्हणायचं, "पानीच हाय ना गं रंजना? ॲसिड थोडंच हाय!" सगळं आयुष्य कारखान्यांच्या शेजारी गेलेल्या बाईचा विनोद तो. आणि संध्याकाळी वालाच्या बिरड्याची वाटी खाली यायची. नारळ नको एवढा असायचा त्यात. सांगून ठेवते.

मग तुमच्या यजमानांना, भाऊंना, अर्धांगवायूचा झटका आला. चार वर्षं झाली त्याला. वाचा गेली, डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा कोपरापासून पुढे थोडासा हलायचा. तुम्ही त्यांची खाट गॅलरीच्या दाराशी लावून घेतलीत. मला वाटलं, आता हिच्या मागे आजाऱ्याचं सगळं लागलं, कुंड्यांचा नाद सुटेल. कुठलं काय! उलट वाढला. रोज संध्याकाळी सहाला माझा पत्रा वाजायला लागला, आणि कधीकधी अर्धा तास वाजत राहायचा. म्हटलं, ही बाई हट्टाला पेटली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे घड्यातलं पाणी माझ्या डोक्यावर.

त्या चार वर्षांत मी चार अर्ज दिले. शेवटचा तुम्ही जायच्या दोन महिने आधी. त्यात मी लिहून घेतलं होतं, 'सदर महिला रोज सायंकाळी ठीक सहा वाजता जाणूनबुजून व हट्टाने पाणी सोडते.' 'जाणूनबुजून' या शब्दावर मी फार खूश होते. त्या वेळी तुम्ही हसला नाहीत. ॲसिडचं काही बोलला नाहीत. डोकं बाहेर काढून एवढंच म्हणालात, "घालू दे गं, रंजना." मी खिडकी लावून घेतली.

जानेवारीत तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात, रिक्षात बसलात आणि परत आलात ते झाकून. त्याबद्दल नको बोलायला; तुमच्या गचाळ झाडांचंच बोलते.

शोकसभेची गंमत ऐका. सोसायटीच्या गच्चीवर सेक्रेटरी उभा राहिला आणि म्हणाला, "इंदूताई म्हणजे निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व." याने उभ्या जन्मात तुळशीला तांब्याभर पाणी घातलेलं नाही. मोबाइलमध्ये बघून वाचत होता आणि मध्येच कुणाचा तरी फोन आला तर तोही घेतला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यातल्या निम्म्या तर तुमच्याकडून कडीपत्ता न्यायच्या आणि मागे नावं ठेवायच्या. मी तरी तोंडावर ठेवत होते.

आणि तेरावा होतो न होतो तोच ग्रुपवर नोटीस! हात जोडलेल्या चित्रांच्या खालीच. 'ग्रिलला टांगलेल्या सर्व कुंड्या आठ दिवसांत काढाव्यात. रहिवासी सौ. रंजना यांच्या वारंवार आलेल्या तक्रारींनुसार.' बावीस वर्षं झोपा काढल्या आणि बाई मेल्यावर याला माझे अर्ज सापडले! जिवंतपणी तुमच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती त्याची. तुमची सून दोन मुलांची आई, तिच्याशी बोलायचीही नव्हती. म्हणून माझं नाव पुढे.

स्मिता तो फोन घेऊन खाली आली. तुमची सून तोंडाने फटकळ नाही, तेच वाईट. नुसती म्हणाली, "काकू, तुमचं नाव आहे यात." मी म्हटलं, "दाखव इकडे." वाचलं. ती म्हणाली, "मी काढून टाकते हो. तसंही माझ्याने होत नाही. नीलेशची कारखान्यातली शिफ्ट, माझी शाळा, भाऊंचं सगळं. अर्ध्या तर वाळल्याच आहेत." मी तिच्याबरोबर वर गेले. म्हटलं, निदान डोळ्यांनी बघते तुमची वाडी.

स्टुलावर चढून स्मिताने पहिली कुंडी हुकातून काढली आणि खाटेवरून आवाज आला. अं, अं, अं. एवढा मोठा माणूस, कारखान्यात ज्याचा आवाज मशीनच्या वर चढायचा म्हणतात, तो असा ओरडत होता. डोळ्यांतून पाणी उशीवर. त्यांच्या खाटेवरून मी वाकून बघितलं, काय दिसतं ते. कुंड्या काढल्या की समोर ग्रिल, त्यापलीकडे समोरच्या बिल्डिंगीची पाइपं आणि कारखान्याची एक चिमणी. बस्स.

मी स्मिताला म्हटलं, "लाव ती परत."

तुमच्यासाठी नाही हो! गैरसमज नको. मला त्या सेक्रेटरीचा राग आला होता. तशीच खाली उतरले आणि त्याला म्हटलं, "माझे अर्ज मी मागे घेते." तो हसला. "काकू, अकरा अर्ज आहेत, फाइल झालीय. असं येता जाता मागे घेता येत नाही." मग बराच वेळ वाद घातल्यावर मोठ्या उपकाराने म्हणाला, "एक महिना बघू. एक थेंब जरी खाली दिसला तर सगळ्या कुंड्या उतरवायच्या. कबूल?" मी म्हटलं, "कबूल." मला आतून आनंदच झाला. म्हटलं, आता तुमच्या नाकावर टिच्चून दाखवते, टांगती कुंडी कशी लावतात ते.

मग मी तुमच्या कुंड्यांच्या हात धुऊन मागे लागले. सगळी माती काढली. तुम्ही कुंडीच्या आतून नारळाच्या सोडणांचा जाड थर दिलेला, तो सगळा पाण्याने चिंब होऊन कुजला होता. खाली काळा चिखल, वास येत होता. हे डोक्यावर टांगून तुम्ही खाली चहा पीत होतात! नवीन माती केली ती अशी. थोडी माती, थोडं जुनं शेणखत आणि बाकी विटांचे बारीक तुकडे. कुंडी हलकी होते, पाणी थांबत नाही, मुळांना हवा मिळते. प्रत्येकीच्या खाली स्टीलच्या डब्याचं एकेक जुनं झाकण तारेने बांधलं. चुकून दोन थेंब जास्त झाले तर झाकणात राहतील.

झाडांसाठी पालघर रोडवरच्या नर्सरीत गेले. तो भय्या लगेच फर्न पुढे करायला लागला, "मॅडम, हँगिंग के लिए एकदम मस्त." मी एकच प्रश्न विचारत होते, "आठ दिन पानी भूल गई तो?" फर्नला तो म्हणाला, मरेल. पेटुनियाला म्हणाला, मरेल. शेवटी वैतागून म्हणाला, "पानी नहीं डालना है तो प्लास्टिक का ले लो ना मॅडम!" तुम्ही असतात तर त्याला टाळी दिली असतीत.

पण मी काही तशी उठणारी नव्हे. आपली गॅलरी पश्चिमेची. बारापर्यंत सावली, मग पाचपर्यंत भाजून काढणारं ऊन आणि समुद्राकडून येणारा खारा वारा. जागा एवढीशी, म्हणजे पसरणारं नको, जड नको, खाली लोंबणारं हवं. कोरफड जगते, पण टांगून तिचा उपयोग काय? ती आकाशाकडे बघत बसते, खालच्याला नुसतं कुंडीचं बूड दिसतं. निवडुंग तर भाऊंच्या डोक्यावर नकोच. कडेच्या उन्हात मी ऑफिस टाइम लावली. तीच ती चिनी गुलाबाची बारीक फुलं, जाडसर पानांची. पानांत स्वतःचं पाणी बाळगून असतात, उन्हात जास्त फुलतात. सगळीकडे सकाळी नऊला उघडतात म्हणून हे नाव, पण आपल्याकडे ऊनच बारानंतर, त्यामुळे दुपारी उघडायला लागली. आमचे हे म्हणाले, "बोईसरची आहेत, सेकंड शिफ्ट करतात."

माहेरी गेले आणि पानओव्याच्या फांद्या आणल्या. माझा सख्खा भाऊ हसला मला. "अगं, ह्याला कोन पानी घालतो? ह्यो आपला आपला जगतो. दगडावर फेक, नाय मरत." बघा, हे ज्ञान डोंगरात फुकट मिळतं. पानफुटी तर एक पान मातीवर ठेवलं आणि पंधरा दिवसांत कडेने पिल्लं फुटली. सावलीच्या कोपऱ्यात स्पायडर प्लँट, त्याच्या मुळांना पांढऱ्या गाठी असतात, त्यांत पाणी साठतं. आणि नर्सरीवाल्याने शेवटी मुकाट्याने काढून दिलेली मिलियन हार्ट नावाची एक वेल, लहान, जाडसर पानांची, मण्यांच्या माळेसारखी खाली येते. पाणी? कुंडी हाताने उचलून बघायची. हलकी लागली तर एक वाटी, नाहीतर काही नाही. आठवड्याला एक वाटी! तुम्ही एका वेळी जेवढं ओतायचात तेवढ्यात माझी गॅलरी दोन महिने चालेल.

आठ हूक भरले. नवव्याला तुमचा लाडका फर्न होता, तो माझ्या पत्र्याच्या बरोबर वरचा. वाळून कोळ झाला होता. त्याचे झिपरे कापले आणि बुडखा आमच्या न्हाणीघरात नळाखाली ठेवला. टाकायचा कंटाळा आला म्हणून. नववा हूक रिकामा राहिला.

महिनाभर सेक्रेटरी रोज सकाळी आमच्या घरी येऊन पत्रा बघायचा. आपल्याकडे पत्र्यावर रोज धुळीचा थर बसतो, त्यावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. चष्मा लावून, वाकून बघायचा. चहा मात्र न चुकता प्यायचा. एक डाग सापडला नाही त्याला! महिना झाला तसा म्हणाला, "मानलं काकू." आणि कुंड्यांचा फोटो ग्रुपवर टाकला, 'आपल्या सोसायटीचा हरित उपक्रम.' आपल्या म्हणे! आयत्या बिळावर नागोबा.

मी जिंकले, इंदूताई. बावीस वर्षांनी जिंकले. गॅलरी फुलांनी भरली, पत्रा कोरडा ठणठणीत. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटलं.

आणि भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं.

पहिले दोन दिवस बघत होते त्या फुलांकडे. मग मान फिरवली ती फिरवलीच. संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायचे, हात गादीवर घासायचे. जेवण अर्ध्यावर आलं, मग दोन घासांवर. स्मिता म्हणाली, "रात्रभर जागे असतात, काकू." डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मला आधी रागच आला. म्हटलं, एवढं केलं आणि या माणसाला दिसत नाही? बायकोसारखाच, चव म्हणून नाही! पण ते वाळत चालले होते, आणि वाळणं म्हणजे काय ते मला कळतं. झाडांच्या बाबतीत तरी.

परवा पाणी यायचा दिवस होता. स्मिताचं मशीन बिघडलेलं, तिने चादर हाताने धुतली आणि पिळायची ताकद नव्हती म्हणून तशीच गळती वरच्या ग्रिलवर टाकली. मी भाऊंना पेज भरवत होते. म्हणजे चमचा ओठाशी धरून बसले होते. आणि खाली माझ्या पत्र्यावर वाजलं. टप. टप, टप.

भाऊंनी भिंतीवरून मान वळवली. सावकाश, पण पूर्ण वळवली. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट गादीवरून उचललं, तसंच वर धरलं. तोंड उघडलं होतं. मी चमचा घातला तर गिळला!

स्वयंपाकघरातून स्मिता सहज म्हणाली, "सुटला वाटतं भाऊंचा पाट."

मी म्हटलं, "म्हणजे काय गं?"

"तुम्हाला माहीत नाही? आई रोज सहाला विचारायच्या. भाऊ, पाट सोडू? मग ते बोट वर करायचे. आई पाणी घालत राहायच्या, ते खाली पत्र्यावर वाजायचं, भाऊ ऐकत पडायचे. पाणी शेवटच्या पानवेलीपर्यंत पोचलं असं त्यांना वाटलं की बोट खाली. मग आई थांबायच्या. कधी दोन तांब्यांत व्हायचं, कधी सहा लागायचे. त्याशिवाय झोपच नाही त्यांना. पण आई गेल्या आणि लगेच ती नोटीस आली, मग थेंब पाडायचा कुणी?"

माझ्या हातातली पेज सांडली. गादीवर. डाग अजून आहे.

इंदूताई, तुम्ही माणूस आहात की कोण? चार वर्षं! चार वर्षं मी तुम्हाला मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, चारचौघांत पाणीचोर म्हटलं. 'जाणूनबुजून' लिहिलं. एका शब्दाने सांगता आलं नसतं? "रंजना, माझ्या नवऱ्याला तुझा पत्रा ऐकायचा असतो." एवढंच! मी काय राक्षसीण होते? जीभ झिजली असती का तुमची? की तुम्हाला वाटलं, या डोंगरातल्या बाईला पाट म्हणजे काय ते कुठून कळणार? की तुमच्या दोघांच्या मधली ती एकच बोलण्याची गोष्ट उरली होती आणि ती तुम्हाला सोसायटीच्या फाइलीत जाऊ द्यायची नव्हती?

सांगितलं नाहीत. "घालू दे गं" एवढं म्हणालात, आणि मी खिडकी लावली. मला त्या खिडकीची फार लाज वाटते. झालं समाधान?

तरीही, फर्नबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते झाड या गॅलरीत लावणं हा गाढवपणाच आहे. पण न्हाणीघरात त्याला कोंब फुटलेत, पाच-सहा, मुठी वळलेले. आज दुपारी मी त्याच्या कुंडीला आतून पुन्हा सोडणं लावली, तुमच्यासारखी गचाळ. झाकण बांधलं नाही. नवव्या हुकाला टांगला. माझ्या पत्र्याच्या खालच्या कडेला एक डबा बांधलाय, म्हणजे पहिल्या मजल्यावर काही जायला नको. त्या डब्यातलं पाणी बाकीच्या आठांना. वाया काही जाऊ देईन, ती मी नव्हेच.

सहाला तांब्या घेऊन वर उभी राहिले. विचारायची लाज वाटत होती. स्मिता मुद्दाम आत गेली. मी घसा खाकरून म्हटलं, "भाऊ, पाट सोडू?" आवाज सोसायटीचा अर्ज वाचून दाखवल्यासारखा आला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बोट उचललं.

पहिला तांब्या सोडणांनीच पिऊन टाकला. दुसऱ्याला टप वाजलं. तिसरा घातला, चौथा घातला. माझा हात आपोआप आखडत होता हो. आई आठवत होती, तिची ती वाटी आठवत होती. घरात पाणी उद्या येणार की परवा ते ठाऊक नाही. बोट वरच. मी पाचवा घातला. खाली पत्रा वाजत राहिला आणि भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग बोट हळूच गादीवर टेकलं.

खाली येते तर सेक्रेटरी आमच्या दारात. "काकू! पत्र्यावर थेंब! आपलं काय ठरलं होतं?" मी विचारलं, "तक्रार कुणाची आहे?" म्हणाला, "खालच्या मजल्याची असते." "खाली कोण राहतं?" मग त्याला जमतं तेवढंच म्हणाला, "लेखी द्या."

म्हणून हा बारावा अर्ज. आमच्या ह्यांना लिहायला दिला नाही, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिणार आहे. 'वरून रोज संध्याकाळी सहा वाजता पाणी पडते. ते मला ऐकू येते. माझी तक्रार नाही.' पुढे 'जाणूनबुजून' हा शब्द कुठेतरी बसवायचा विचार आहे.

आणि तुम्हाला हा शब्द देते, तुम्ही काही मागितला नाहीत तरी. नळाला पाणी येवो न येवो, सहाला मी वर जाईन. माझ्या वाट्याच्या पिंपातलं पाणी नेईन, स्मिताच्या नाही. भाऊंचं बोट खाली येईपर्यंत तांबे मोजणार नाही आणि हात आखडणार नाही.

मी वर गेले की आमच्या गॅलरीची खिडकी उघडी राहील. तीही आता लावणार नाही.

तुमच्या बरोबर खालची,
रंजना